लायसन्स आलं, आता कसारा घाट उतरायचाय. आधी काय पक्कं करू?

शर्वरी_इंदिरानगर
नमस्कार मंडळी,
पक्कं लायसन्स हातात आलंय. क्लासमध्ये गाडी चालू करणं, गिअर बदलणं, रिव्हर्स आणि पेठ रोडच्या आरटीओत पास होण्यापुरता ट्रॅक, एवढं झालं. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक-क्लच असतो. त्यामुळे ऐन वेळी गाडी मी थांबवायचे की ते, हे शेवटपर्यंत कळलंच नाही.

घरी मॅन्युअल हॅचबॅक आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका इथवर एकटी जाऊन येते. आई कल्याणला असते. दिवाळीला तिला आणायला मीच जाणार असं ठरवलंय. म्हणजे कसारा उतरणं आलं आणि तिला घेऊन चढणंही आलं.

घरात जितकी माणसं तितकी मतं. भाऊ म्हणतो, उताराला न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं. सासरे म्हणतात, ब्रेक एकदम दाबायचा नाही, पंप करायचा. नवरा म्हणतो, सगळं सवयीने येतं. मला हे सवयीवर सोडायचं नाहीये. हायवेला लागण्याआधी कोणत्या गोष्टी पक्क्या करू, आणि नाशकात सराव कुठे करू?

द्वारका_पलीकडे
संध्याकाळी सात वाजता द्वारका सर्कल गाडी बंद न पडता ओलांडा. मग कसारा काय, लडाखलाही जाल!
थट्टा सोडा, धागा गरजेचा आहे. वाचतोय.

सातपूर_गॅरेज
ताई, सुरुवात सीटपासून करा. नवीन चालकांपैकी बरेच जण बॉनेट दिसावं म्हणून सीट पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसतात. मग ना मान वळत, ना हात.

क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर उजवाही तसाच. पाय ताठ झाला की ब्रेकवर जोर देता येत नाही. पाठ सीटला टेकवून हात पुढे करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर बसलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग त्याच जागेत फुगते. उंचीमुळे रस्ता दिसत नसेल तर सीट वर घ्या, पुढे सरकू नका. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टोकाच्या बरोबरीने ठेवा. मागून कुणी ठोकलं तर मान तिच्यामुळेच वाचते. हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी.

दुसरं, पायाखालची जागा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ड्रायव्हरच्या सीटखालून पाण्याची बाटली, एक नारळ आणि मुलाचा चेंडू निघाला होता. यातली एक वस्तू घरंगळत ब्रेकखाली गेली की पेडल खाली जाणारच नाही. कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड मॅट टाकतात, तीही सरकून ॲक्सिलरेटरवर चढते. एकच मॅट ठेवा, ती खालच्या हुकांत अडकवा.

अनघा_गंरो
आणि चप्पल! सैल स्लिपर घालून गाडी चालवणाऱ्या बायका (आणि पुरुषही) रोज बघते. मागे पट्टा असलेली सॅंडल किंवा पातळ तळाचे बूट घाला.

निफाडचा_बागायतदार
न्यूट्रलबद्दल भाऊ काही चुकीचं सांगत नाहीये. आम्ही इतकी वर्षं चांदवडचा राहूड घाट न्यूट्रलवर उतरतोय. द्राक्षाच्या सीझनमध्ये रोजच्या फेऱ्या असतात, डिझेल वाचलेलं हिशोबात दिसतं. ब्रेक चांगले असले की झालं.

एसटी_निवृत्त
बागायतदार, राग मानू नका, पण हे नव्या मुलीला सांगू नका. माझी सगळी नोकरी घाटात गेली, सप्तशृंगी गड, सावळघाट, कसारा. जुने ड्रायव्हर आम्हाला एकच गोष्ट शिकवायचे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आजच्या हलक्या गाडीला कधी एक गिअर वरचा चालतो, पण न्यूट्रल कधीच नाही.

गिअरमध्ये असली की इंजिनच चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की डिस्क आणि लायनर तापतात. आधी करपल्यासारखा वास येतो. मग पेडल दाबलं तरी गाडी पूर्वीइतकी धरत नाही. आणखी तापले तर ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल सरळ खाली जातं. तो वास आला की जागा बघून गाडी बाजूला घ्या, हवेवर गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर घाबरून खालचा गिअर शोधायचा नाही. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात ब्रेक नको, क्लच दाबून तर वळायचंच नाही. क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झालं.

यंत्रवेडा
काकांना पूर्ण अनुमोदन. बागायतदार यांच्या डिझेलच्या हिशोबाबद्दल थोडं सांगतो. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत, पेट्रोल असो वा डिझेल, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. उतारावर चाकंच इंजिन फिरवत असतात, इंधन जवळपास शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून सुटतं, मग चालू राहण्यासाठी त्याला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे उतारावर न्यूट्रलमध्येच जास्त जळतं!

काही जण तर चावीच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरला मिळणारं व्हॅक्यूम थांबतं. एक-दोन दाबांपुरती मदत उरते, नंतर पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं. आणि चावी आणखी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हे कृपया कुणीही करू नये.

निफाडचा_बागायतदार
इंधनाचं हे ठाऊक नव्हतं, पोराला दाखवतो. पिकअपवर माल भरलेला असतो तेव्हा मीही गिअरमध्येच उतरतो, रिकाम्या गाडीला फरक पडत नाही असं वाटायचं.

शर्वरी_इंदिरानगर
काका, यंत्रवेडा, खूप खूप धन्यवाद. भावाला धागा पाठवला, त्याचा फक्त अंगठा आला. आता ब्रेक पंप करण्याचं सांगा ना. आमची गाडी २०२१ ची आहे.

यंत्रवेडा
एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्याकडे आहेच. सासऱ्यांचा सल्ला त्यांच्या काळच्या गाडीसाठी बरोबर होता. चाकं जाम झाली की गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंगला दाद देत नाही, म्हणून दाबा-सोडा करायचे. आता ते काम एबीएस एका सेकंदात कितीतरी वेळा करतं. तुम्ही पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. अडथळा टाळायला त्याच वेळी स्टिअरिंग वळवता येतं, एबीएसचा खरा उपयोग तो आहे.

अडचण अशी की एबीएस लागतं तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो, आणि ज्याला हे माहीत नसतं तो दचकून पाय उचलतो. म्हणून ते एकदा तरी अनुभवा. सुट्टीच्या दिवशी अंबड एमआयडीसीच्या आतल्या रुंद रस्त्यावर जा. मागेपुढे कुणी नाही याची खात्री करा. शेजारी अनुभवी माणूस, दोघांचे बेल्ट लावलेले. ४० चा वेग घ्या आणि पेडल मोडायचं आहे अशा जोराने ब्रेक दाबा. पहिल्यांदा तुमचा पाय अर्ध्यावरच थांबेल, सगळ्यांचा थांबतो. पुन्हा करा. क्लच शेवटी दाबा, नाही दाबला तरी चालेल. गाडी बंद पडली तर पडू दे, थांबली ना!

द्वारका_पलीकडे
हे क्लासमध्ये का शिकवत नाहीत, हाच खरा प्रश्न. गाडी चालवायला शिकवतात, थांबवायला नाही.

भूमिती_मास्तर
थांबवण्यावरून थोडं गणित मांडतो. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, जोरात ब्रेक मारून अंदाजे २० मीटर. एकूण ३७. १०० च्या वेगाला हेच गणित २८ अधिक ५६, म्हणजे ८४ च्या आसपास. ब्रेक लागल्यापासूनचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, वेग दुप्पट तर अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा. तीनच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा.

सिडको_एक्सप्रेस
मास्तर, कागदावर ठीक आहे. इथे तीन सेकंदांची जागा सोडली की त्यात एक रिक्षा, दोन ॲक्टिव्हा आणि एक छोटा हत्ती घुसतो.

भूमिती_मास्तर
घुसू द्या. ॲक्सिलरेटर किंचित सोडून पुन्हा अंतर करा. नाशिक ते कल्याणमध्ये अशाने फार तर काही मिनिटं जातील. घुसलेल्या रिक्षाच्या मागे चिकटून चालवलं तर तिचा ब्रेक लागला तेव्हा तुमचाही लागेलच असं नाही.

घोटीकर
आमच्याकडचं सांगतो. इगतपुरी-कसारा पट्ट्यात पावसाळ्यात आणि पहाटे धुकं इतकं उतरतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा अचानक समोर उभा राहतो. लोक तिथे हाय बीम लावतात. धुक्यावरून प्रकाश उलटा डोळ्यांत येतो, काहीच दिसत नाही. लो बीम लावा, फॉग लॅम्प असतील तर ते लावा, काच आतून धूसर झाली तर एसी चालू करून हवा काचेवर घ्या. आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जाऊ नका. मागच्याला कळत नाही की तुम्ही उभे आहात की वळताय. ते दिवे गाडी बंद पडून उभी असेल तेव्हासाठी आहेत.

घाटात धबधब्यापाशी गाडी उभी करून फोटो काढणारे असतात, वळणावर हॉर्न द्या आणि वेग कमी ठेवा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

खादाड_मखमलाबाद
अवांतर: घाट उतरल्यावर वडापाव कुठे चांगला मिळतो?

अनघा_गंरो
खादाड, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे शंभर प्रतिसाद येतील. इथे नको!

नव्या_वाटेचा
कसाऱ्याचा एवढा विचार कशाला? ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट आमणेपर्यंत सुरू आहे. इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा घेतला की घाट खाली राहतो. आमण्याहून कल्याण जवळ. दुचाकी, रिक्षा नाहीत, समोरून कुणी येत नाही.

एसटी_निवृत्त
रस्ता उत्तम आहे, पण नव्या हाताला पहिल्याच वेळी नको असं माझं मत. तिथे कारला सपाट भागात १२० ची मर्यादा आहे. शहरात ४० वर चालवणाऱ्याला १०० च्या वेगात स्टिअरिंगची किंचित हालचालही गाडी किती हलवते याचा अंदाज नसतो. सरळ रस्त्यावर डोळाही लागतो. आणि टायर त्या वेगातच दगा देतो.

नव्या_वाटेचा
काका, १२० ने जाच असं कुणी म्हणत नाही. डावीकडच्या लेनने ८० ने जाता येतं. घाटात ट्रकांच्या मधे अडकण्यापेक्षा मला तरी ते सुरक्षित वाटतं. या मुद्द्यावर मी माझं मत बदलणार नाही.

सातपूर_गॅरेज
दोघांचंही ऐका, पण टायर कुठल्याही रस्त्याला लागणारच. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, माणसं-सामान जास्त असेल तर आकडा वेगळा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू दुमडत राहते, तापते आणि हायवेला फुटते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, झीज तिथवर आली की १.६ मिलिमीटरच उरले, टायर बदला.

चालू गाडीत टायर फुटला तर ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग डावीकडे घ्या. गाडी एका बाजूला जोरात ओढेल, म्हणूनच एक हात गिअरवर ठेवून चालवायची सवय मोडा.

पंचवटीकर
थोडं विषयांतर, पण नाशिकचंच आहे. गोदाघाटावर गाडी लावून बाजारात जाणाऱ्यांनो, पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की गाडी आधी काढा. दुतोंड्या मारुतीला पाणी लागायला वेळ लागत नाही, गाड्या वाहून जाताना डोळ्यांनी बघितल्यात. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी कार सरकवतं, दोन फूट पाणी तर जवळपास कुठलीही गाडी उचलून नेतं.

परिचारिका_नारोड
सगळ्यांनी गाडीचं सांगितलं, मी आत बसलेल्या माणसांचं सांगते. शर्वरीताई, आई पुढे बसो वा मागे, बेल्ट लावायचाच. "मागे कशाला?" असं त्या म्हणतीलच. मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर धडकेत तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. मोठी, महागडी, एअरबॅगवाली गाडी होती. कायद्यानेही मागचा बेल्ट सक्तीचा आहे, कलम १९४ ब, दंड १००० रुपये. पण दंडासाठी नका लावू.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नको, मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडावरून जायला हवा. गरोदर बाईलाही पोटाच्या खालून. वरचा पट्टा खांद्यावरून, काखेतून नाही.

लहान मूल पुढे मांडीवर घेऊन बसणारे आईबाप बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. ५० च्या वेगाने धडक बसली तर मूल कुणाच्याही हातात राहत नाही. आणि बीप वाजू नये म्हणून बाजारात मिळणारी ती खोटी क्लिप, ती कृपया घरातून फेकून द्या. मी हातपाय मोडलेली माणसं बघते, ज्यांनी बेल्ट लावला होता ती बरीचशी बोलत असतात.

सिडको_एक्सप्रेस
परिचारिकाताई, हे वाचून बायकोच्या गाडीतली क्लिप आत्ता खाली जाऊन काढून आलो.

पिंपळगावकर
रात्रीचं कुणी बोललं नाही. कांद्याच्या, उसाच्या हंगामात आमच्या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. लो बीमवर ८० म्हणजे जास्तच. समोरून हाय बीम आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा. दिवाळीचा प्रवास दिवसाउजेडी करा.

ऑटोमॅटिक_प्रेमी
मी तर म्हणतो, ऑटोमॅटिक घ्या, निम्मे प्रश्न संपले.

यंत्रवेडा
क्लचचा प्रश्न संपतो, उताराचा नाही. घाटात ऑटोमॅटिकलाही एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये टाकून खालच्या गिअरवर उतरावं लागतं. आणि दोन्ही पेडल एकाच उजव्या पायाने, डावा पाय बाजूला स्वस्थ. गोंधळात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याचा धोका ऑटोमॅटिकमध्येच जास्त असतो.

शर्वरी_इंदिरानगर
अंबडला जाऊन आले. नवरा शेजारी होता. पेडलची थरथर खरंच दचकवणारी आहे! ती एकदा पायाला कळली की भीती गेली. सीट मागे घेतल्यावर खांदे दुखायचेही थांबले. नवऱ्यानेही स्वतःची सीट बदलून घेतली.

आता एकच अडकतंय. चढावर ट्रकमागे थांबले की पुन्हा निघताना गाडी मागे येते.

एसटी_निवृत्त
हँडब्रेक ओढून ठेवा. पहिला गिअर, थोडं ॲक्सिलरेटर, क्लच हळू सोडत जा. गाडीचं नाक किंचित उचललं, आवाज जड झाला, की तिने भार घेतला. तेव्हा हँडब्रेक सोडा. क्लचवर गाडी धरून उभं राहायचं नाही, प्लेट जळते. आणि पुढच्या ट्रकची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा, तोही मागे येऊ शकतो.

कसाऱ्याआधी मोहदरी घाट करा. सिन्नरकडे जाताना चढ मिळतो, येताना उतार, रस्ता रुंद आहे. रविवारी सकाळी मी सिन्नरला लेकीकडे जातोय. तुमच्या मिस्टरांना घेऊन शिंद्याच्या टोलनाक्यापाशी या, पुढे मी तुमच्या गाडीत बसतो.

शर्वरी_इंदिरानगर
काका, नक्की येतो आम्ही. किती वाजता? बरोबर काय घेऊ?

परिचारिका_नारोड
त्रिकोणी रिफ्लेक्टर, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी. फोनमध्ये १०३३ हा हायवेचा हेल्पलाइन नंबर, १०८ आणि ११२. गाडी बंद पडली तर आत किंवा मागे उभं न राहता सगळ्यांनी कठड्यापलीकडे जायचं.

एसटी_निवृत्त
साडेसहाला, ट्रक कमी असतात. स्टेपनीची हवाही बघून या.